ओढ्यातलं सांडपाणी घटवायचं लक्ष्य: टक्के नकोत, आधी ओढा मोजा

240 घरं, 1,100 वस्ती, तीन गटारं थेट ओढ्यात, आणि ग्रामसभेत ‘वर्षात 50 टक्के घट’ असा ठराव घ्यायचाय. आकडा बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न. ठराव जरूर घ्या, पण 50 टक्के कशाचे ते आधी ठरवा.

माणशी 55 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं तर दिवसाला साधारण 48,000 लिटर. हा कागदी हिशेब. खरा आकडा काढायला गटाराच्या तोंडाशी 90 अंशांची व्ही-खाच (V आकाराची खाच कापलेला पत्रा) आडवी बसवा. पाणी खाचेच्या खालच्या टोकापासून 5 सेंमी वर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, 10 सेंमी असेल तर 4.4 लिटर. उंची दुप्पट की पाणी साडेपाच पट, म्हणून वाचनातला अर्धा सेंटिमीटरही महागात पडतो. उंची वाचायची मोजपट्टी खाचेवर धरू नका, तिथे पाणी खाली ओढलेलं असतं. अर्धा मीटर मागे ठोका आणि तिचा शून्य लेव्हल-ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) खाचेच्या टोकाशी जुळवा. कडेने पाझर असेल तर चिकणमातीने बुजवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, नळाच्या दिवशी आणि बिननळाच्या दिवशी, दर तासाला नोंद घ्या. रात्री 2 ची नोंद हमखास गाळली जाते आणि तीच सर्वांत बोलकी. त्या वेळी कुणी भांडी घासत नाही. तरी सेकंदाला 0.15 लिटर वाहत असेल तर दिवसाचे 13,000 लिटर झाले. ही बहुतेक गळती: टाकी भरून वाहणं, फुटकी लाइन, तोटी नसलेले नळ.

इथेच फसगत होते. गळती काढली की लिटर घटतात, ठराव ‘यशस्वी’ होतो, आणि घाण तेवढीच राहते, फक्त दाट होऊन. म्हणून दुसरा आकडा बीओडीचा (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), किलोत: घनमीटर × मिलिग्रॅम प्रतिलिटर ÷ 1000. 48 घनमीटर आणि लिटरला 200 मिलिग्रॅम बीओडी म्हणजे रोज 9.6 किलो. नमुना सकाळी 7 चा एकच नको; दिवसभराचे नमुने प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून, बर्फात ठेवून, 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

आता ओढा. समजा मार्चमध्ये वरून सेकंदाला 2 लिटर पाणी येतं, बीओडी 2. त्यात तुमचं 0.56 लिटर मिसळलं की बीओडी 45 च्या आसपास. सांडपाणी निम्मं केलंत तरी 26. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा आहे 3. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी आटलं की गटार म्हणजेच ओढा. म्हणजे उन्हाळ्याचं लक्ष्य एकच: फेब्रुवारी ते मे ओढ्यात शून्य थेंब. पावसाळ्यासाठी वेगळा, सैल आकडा चालेल.

सेप्टिक टँकचे ओव्हरफ्लो गटाराला जोडलेले असतील तर ते घर-घर मोजून सर्वांत आधी तोडा. त्यासाठी 50 टक्क्यांची सवलत नको.

सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवण्याआधी मातीची परीक्षा घ्या. हातभर खड्डा रात्रभर भिजवून पुन्हा पाणी भरा; 25 मिमी उतरायला 30 मिनिटांहून जास्त लागली तर तिथे शोषखड्डा नको. काळ्या मातीत हे हमखास होतं, तिथे पाणी परसबागेला द्या. चांगल्या मातीतही नहाणीतले केस, राख, तेलकट साय आत गेली की खड्डा बुजतो. आधी गाळ-सापळा हवा आणि दर पंधरवड्याला उपसा. म्हणून ठरावात ‘इतके खड्डे खणले’ असं लक्ष्य लिहू नका, तिन्ही तोंडांवरची मे महिन्याची पट्टीची नोंद लिहा.