शिव्या कोंकणीत, हिशेब मराठीत

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळ कोल्हापूरचे, नोकरीसाठी चार वर्षं गोव्यात म्हापशाजवळच्या गावात राहता. गावचा फुटबॉल क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो आणि बहुतेक हरतो. तुम्ही मॅचला जाता, मजा येते. पण हल्ली कडेला उभ्या असलेल्या लोकांत मराठी-कोंकणी, 'भायले' (बाहेरचे), 'घाटी' (घाटापलीकडून आलेल्याला हिणवून म्हणतात ते) असलं बोलणं वाढलंय, आणि एकदा तुम्ही फोनवर मराठी बोलताना शेजारचा काहीतरी पुटपुटला. नऊ वर्षांच्या मुलालाही तिथेच सरावाला घालायचंय. अशा क्लबामागे उभं राहावं का, आणि राहिलो तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होईल का?

जा. मुलालाही घाला. बाजू घेतल्यासारखं मात्र होईल, ते काही टळत नाही.

मी डिचोली तालुक्यातला. आमच्या गावच्या क्लबाचा 11 वर्षं खजिनदार होतो, आता नुसता कडेला उभा राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर संध्याकाळपर्यंत चार फोन येतील. घरी आम्ही कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, भजन मराठीत म्हणतो. ही सरमिसळ बाहेरच्याला पटकन कळत नाही, आणि आतल्यांना ती सोडवताही येत नाही. क्लबातही तेच. मीटिंगचं इतिवृत्त मराठीत, असोसिएशनला पत्र इंग्रजीत आणि रेफरीला शिव्या कोंकणीत. तिन्ही भाषांची कामं अशी आपसूक वाटली गेली आहेत की राजभाषेवर भांडणारे दोघे एकाच ऑफसाइडवर एकाच भाषेत ओरडतात.

भाषेचं भांडण किती जुनं आहे हे तुम्हाला चार वर्षांत कळलंच असेल. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही), 1987 चा राजभाषा कायदा (कोंकणी राजभाषा झाली तो), मग शाळेच्या माध्यमाचा वाद, आता पुन्हा मराठीला राजभाषा करा ही मागणी. आमच्या गावात यातल्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी कोणाशी बोलणं टाकलेलं आहे. ते फुटबॉलने मिटलं असं मी सांगणार नाही. फुटबॉल माणसं जोडतो वगैरे भाषण बक्षीस समारंभात आमदार करतात, आम्ही टाळ्या वाजवतो आणि चहाला जातो.

पण एक गोष्ट पाहिली आहे ती सांगतो. आमच्या क्लबाला पैसा यायचा तो ट्रकवाल्यांकडून. मीही त्यातलाच, माझा एक ट्रक खाणीवर होता. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक ट्रकमागे ठरलेली रक्कम, वहीत नावानिशी. आणि मैदान? मैदान म्हणजे सुगीनंतर मोकळं होणारं शेत, आणि ते ज्याचं आहे त्याच्या दुसऱ्या शेतात खाणीचा गाळ उतरून भात गेलेलं. पैसा ट्रकांचा, जमीन ट्रकांना शिव्या घालणाऱ्याची. 2012 साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, मग फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. गावात सरळ दोन तट पडले. चवथीला एकमेकांच्या घरी जाणं बंद झालं. माझ्या वहीतलं 2011 चं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे, 2018 च्या पानावर सात नावं आहेत आणि त्यातल्या चौघांसमोर 'मागाहून'.

तेव्हा मला वाटलं की आता शेतवाला म्हणेल, तुमचा धंदा बुडाला, माझं शेत सोडा. तो आला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "कुंपणाच्या काट्या काढता त्या परत जाग्यावर लावा, गुरं शिरतात." एवढंच. ट्रकवाल्यांशी त्याने पुढेही चकार शब्द काढला नाही, पण दर शनिवारी दुपारी काट्या सरळ लागल्या आहेत की नाही ते बघायला यायचा, आणि आलाच आहे म्हणून हाफ टाइमपर्यंत थांबायचा.

धेंपो, साळगावकर हे मोठे क्लबही खाणीच्याच घराण्यांचे, हे तुम्हाला ठाऊक असेल. धेंपो पाच वेळा देशाचे विजेते झाले, साळगावकर दोन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले, कारण वरची सगळी व्यवस्था आयएसएल (इंडियन सुपर लीग) या नव्या लीगभोवती फिरायला लागली होती. वर ही गत, तर खाली काय असणार. 22 ऑक्टोबर 2025 ला फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र अशी मॅच झाली, आमची पोरं तिकिटं काढून गेली. रोनाल्डो आलाच नाही, पण 1-2 ने हरतानाही आपल्या ब्रायसनचा गोल बघायला मिळाला. त्याच पोरांच्या मॅचला पुढच्या शनिवारी 40 माणसं होती, त्यात दोन आइस्क्रीमवाले.

तर 'घाटी'. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आमचा उजवा विंगर 17 वर्षांचा. आईबाप विजापूरकडून बांधकामावर आले, पोरगा जन्मला तो इथेच. शिकला गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. आता गंमत बघा. मराठी शाळा वाचवा म्हणून सह्या गोळा करणारे आम्ही, आमची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये, आणि त्या मराठी शाळेचा पट टिकला आहे तो याच्यासारख्या मुलांवर. घरात कन्नड, शाळेत मराठी, मैदानावर कोंकणी. माझ्या मुलापेक्षा त्याची कोंकणी जास्त ठसकेबाज.

म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर मॅच होती. 0-1 ने मागे होतो, शेवटची दहा मिनिटं, पेनल्टी मिळाली आणि त्याने ती क्रॉसबारवरून घालवली. आमच्याच बाजूने आवाज आला, "घाटयाक कित्याक दिली रे पेनल्टी!" (घाट्याला कशाला दिली?) ओरडणारा समोरच्या संघाचा नव्हता, आमचा. आणि असातसा आमचा नाही, पोरांना स्वतःच्या पिकअपमधून बाहेरगावच्या मॅचला नेणारा, डिझेलचे पैसे कधीही न मागणारा. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. मी काही बोललो नाही. याची मला अजून लाज वाटते, कारण मडगावात एका टपरीवर मराठीत बोललो म्हणून मलाही एकाने हेच म्हटलेलं आहे, आणि तेव्हा आठवडाभर मी ते घरीदारी सांगत सुटलो होतो.

दोन मिनिटांनी बॉल बाहेर आला तो नेमका त्या पिकअपवाल्याच्या पायाशी. थ्रो आमचा. पोरगा धावत आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "काका, बॉल दी." त्याने बॉल दिला. मॅच 0-1 च राहिली.

पुढचे दोन आठवडे पोरगा सरावाला आला नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो. आईने चहा केला. बूट दाराबाहेर विटेवर वाळत ठेवलेले होते, म्हणजे कुठेतरी खेळत होता. तो म्हणाला, कामावर जातोय. मी फार समजावलं नाही, शनिवारची वेळ सांगितली आणि उठलो. इकडे आमच्या कोच सरांनी पिकअपवाल्याला झापलं नाही की काढून टाकलं नाही. पुढच्या मॅचपासून त्याला बेंचवर बसवलं. बर्फाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, पाय मुरगळला तर स्प्रे हे सगळं त्याच्याकडे. बेंचवरून ओरडलं तर रेफरी बाहेर काढतो, हा एक फायदा. दुसरा असा की खेळणाऱ्याला कडेवरचं काय काय ऐकू येतं ते तिथे बसल्यावर कळतं. तिसऱ्या आठवड्यात पोरगा आला. मुरगळलेल्या घोट्याला बर्फ धरताना दोघांना मी पाहिलंय. माफी वगैरे काही झाली नाही. फार बोलतही नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, असलं काही कानावर आलं तर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर वाद घालू नका, हरताना तर नकोच. मॅच संपल्यावर त्या माणसाला बाजूला घेऊन बोला. आणि माझ्यासारखं गप्पही राहू नका. तुम्ही नवखे आहात म्हणून तुमचं कोणी ऐकणार नाही असं वाटेल. ऐकतात. फक्त त्याआधी तुमच्या हातात क्लबाचं एखादं काम असावं लागतं.

काम कुठलंही चालतं. आमच्याकडे जाळी फाटली की शिवायला एक मेस्त येतात, वय 70 च्या पुढे, नदीत पागेर (फेकायचं जाळं) टाकणारे. कोंकणी रोमी (रोमन) लिपीतच लिहावी या मताचे कट्टर. माझ्याशी भाषेवर त्यांचं कधीच पटलं नाही, देवनागरी हा शब्द काढला तरी मान फिरवतात. पण गोलच्या मागे जमिनीवर बसून नायलॉनच्या दोऱ्याने एकेक घर विणतात तेव्हा दोरा ताणून धरायला दुसरा माणूस लागतो, आणि तो बहुतेक मी असतो. अर्धा तास. त्यात ते मला 83-84 चा संतोष करंडक, ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये कसे उभे राहायचे, ते उठून उभं राहून दाखवतात. दोरा सुटतो, मग ओरडतात.

2024 च्या ऑक्टोबरात गोंयच्या सायबाबद्दलच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरबद्दलच्या) वक्तव्यावरून मडगावात रस्ते अडवले गेले, तेव्हाचा आठवडा मात्र वाईट होता. आमच्या संघात दोन्ही धर्मांची मुलं. क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने काहीतरी फॉरवर्ड केलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, तासाभरात 60 मेसेज. मी ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त अॅडमिन लिहू शकेल असा केला, आणि त्यावर तीनच गोष्टी टाकत राहिलो: सराव किती वाजता, कुठे, कोणाला कोण घेऊन येणार. मला लोकांनी भित्रा म्हटलं. सरावाला त्या आठवड्यात नऊ जण आले. मॅच सुरू करायला नियमाने सात लागतात, म्हणजे दोन जास्तच. तो ग्रुप अजून तसाच आहे आणि मी तो उघडणार नाही.

पैशांबद्दल. महिन्याला जमेल ते द्या, 200 रुपये दिलेत तरी खूप झालं, पण पावती मागा. मी खजिनदार असताना पावती मागणाऱ्याचा राग यायचा, आता कळतं की त्याच्यामुळेच वही नीट राहिली. आणि निवडणुकीच्या वर्षात कोणी पुढारी फोटोवाल्या जर्सी देऊ केल्या तर कमिटीला शक्य तितकं मागे ओढा. आम्ही एकदा घेतल्या. कापड चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण समोरच्या गटाची दोन वाड्यांतली माणसं पूर्ण हंगाम मॅचला आली नाहीत, आणि त्या वाड्यांतल्या चार मुलांना घरून परवानगी मिळेना. त्यात आमचा स्टॉपर (मधला बचावपटू) होता. खाली घसरलो ते त्याच वर्षी. त्या जर्सी आता रोलर पुसायला वापरतात.

अध्यक्ष-बिध्यक्ष होऊ नका, निदान पहिली पाच वर्षं.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच शाहू स्टेडियमवर बघितलेली असणार. तिथे पेठेचा अभिमान किती आणि त्याच्यापायी भांडणं किती हे तुम्ही मला सांगाल. फरक एवढाच की तिथे हजारो असतात, एकाने काही ओरडलं तर विरून जातं. आमच्याकडे 40 जणांत प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू येतो आणि सोमवारी पोस्टात, तिंट्यावर, देवळात तोच माणूस भेटतो. म्हणून इथे हळू बोलावं लागतं. म्हणून एक माणूस जास्त आला तर लगेच दिसतोही.

तुमच्या म्हापशापासून शिवोली हाकेच्या अंतरावर. गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा तिथे आला असं सांगतात, 1883 मध्ये, विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीबरोबर. म्हणजे आणणाराही भायलाच. पुटपुटणाऱ्याला हे लगेच सांगू नका, ओळख झाल्यावर सांगा.

मुलाला कोंकणी येत नाही म्हणून घाबरता, ते सोडा. पहिल्या आठवड्यात 'दी' (दे), 'वच' (जा) आणि 'राव' (थांब) एवढे तीन शब्द पुरतात. बूट एक नंबर मोठे घेऊ नका, सगळे आईबाप तेच करतात आणि पोरांचे घोटे जातात. शिव्या तो तिसऱ्या आठवड्यात शिकेल. घरी म्हणाला तर रागावू नका, आधी मला इथे खाली लिहून विचारा, त्यातल्या निम्म्या आमच्याकडे लाडाच्या आहेत.