जो मोंटाना आत का नाहीत, आणि माइक लीच कुठे अडकले

तुमचा प्रश्न असा: मुलाला घेऊन अटलांटाच्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेलात, चार सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, म्हणजे एनएफएलचं, विजेतेपद) जिंकलेल्या जो मोंटानांचं नाव तिथे सापडलं नाही, आणि मुलाने विचारलं, "बाबा, इथे वशिला लागतो का?"

वशिल्याचं माहीत नाही, पण दारातच गणित आहे आणि तिथे भलेभले अडतात. मी पाहुणे आले की त्यांना तिथे नेतोच. आवडतं कॉलेज नोंदवलं की तीन मजली भिंतीवरच्या शेकडो हेल्मेटांपैकी त्याचं हेल्मेट उजळतं. (आमच्या सासऱ्यांनी "सीओईपी टाक" म्हणून हट्ट धरला होता.) पण ती भिंत कॉलेजांची. संघ आहे म्हणून हेल्मेट आहे, त्यात मान वगैरे काही नाही. निवडलेली माणसं वरच्या मजल्यावर.

मोंटानांचं उत्तर सोपं आहे. एनएफएलवाल्यांचा हॉल वेगळा, ओहायोतल्या कँटनला, आणि तिथे ते आहेतच. अटलांटाचा हॉल नॅशनल फुटबॉल फाउंडेशनचा, तिथे कॉलेजात काय केलंत ते बघतात. खेळाडूला पहिली अट म्हणजे निदान एकदा ऑल-अमेरिकनच्या, म्हणजे देशभरातले उत्तम कॉलेज खेळाडू निवडून केलेल्या यादीच्या, पहिल्या संघात नाव हवं, आणि तेही असोसिएटेड प्रेस, वॉल्टर कॅम्प फाउंडेशन, फुटबॉल लेखकांची संघटना अशा एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था) मानलेल्या मोजक्या याद्यांपैकी एकीत. मोंटाना 1977 च्या राष्ट्रीय विजेत्या नोत्र डाम संघाचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू), पण या याद्यांत पहिल्या संघात कधीच आले नाहीत. विषय संपला. एनएफएलचे दुसरे मोठे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्यांचंही तेच. उलट आर्ची ग्रिफिन बघा. ओहायो स्टेटकडून 1974 आणि 1975 अशा लागोपाठ दोन हाइझमन ट्रॉफ्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान), पुढे एनएफएलमध्ये बेताचेच, पण इथे मानाचं पान. आपल्याकडे नुसत्या रणजीवर असा मान द्यायचा ठरवला तर अमोल मुझुमदार पहिल्या पंगतीला बसतील, तसंच हे.

बाकी अटी पटकन सांगतो. कॉलेजातल्या शेवटच्या मोसमानंतर पूर्ण दहा मोसम जावे लागतात, व्यावसायिक खेळ थांबलेला हवा, आणि तो शेवटचा मोसम गेल्या पन्नास वर्षांतला हवा. त्याहून जुनं प्रकरण असेल तर ते व्हेटरन्स समितीकडे जातं. नाव तुम्हीआम्ही पाठवून चालत नाही. ते कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टर किंवा मुख्य प्रशिक्षक वगैरेंनी, नाहीतर फाउंडेशनच्या स्थानिक शाखेने पाठवायचं. मग फाउंडेशनचे हजारो सभासद आणि हॉलमध्ये आधीच असलेले लोक मतं देतात, पण तो फक्त कौल. शेवटचा शब्द ऑनर्स कोर्ट नावाच्या समितीचा. खेळ सोडल्यावर माणूस नागरिक म्हणून कसा वागला तेही बघतात, असं नियमातच आहे. तरी 1983 मध्ये घेतलेले, पुढे खुनाच्या खटल्याने गाजलेले ओ. जे. सिम्पसन अजून यादीत आहेत आणि कुत्र्यांच्या झुंजीपायी तुरुंगात गेलेले मायकल व्हिक 2025 च्या यादीत आले. आता त्या कलमाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

खरी मौज प्रशिक्षकांच्या नियमात आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणून किमान दहा वर्षं, किमान 100 सामने, आणि त्यांत किमान 60 टक्के विजय. निवृत्तीनंतर तीन मोसम थांबायचं, पण सत्तरी गाठलेली असेल तर थांबायचं कारण नाही. निक सेबन जानेवारी 2024 मध्ये बहात्तराव्या वर्षी निवृत्त झाले आणि लगेच 2025 च्या यादीत आले. पंच्याहत्तरी गाठली असेल तर निवृत्तीचीही अट नाही.

आता माइक लीच यांचं घ्या. टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट आणि मिसिसिपी स्टेट, तिन्ही ठिकाणी मोठ्या नावांपुढे दुय्यम समजले जाणारे संघ. चेंडू सतत हवेत ठेवणारी 'एअर रेड' पद्धत त्यांनी एवढी रुजवली की आज हायस्कूलची पोरंसुद्धा तसं खेळतात. डिसेंबर 2022 मध्ये वारले तेव्हा हिशोब होता 158 विजय, 107 पराभव. एकूण 265. त्याचे 60 टक्के काढा: 159. एक सामना! टेक्सास टेकच्या एखाद्या विसरलेल्या शनिवारी एक किक आत गेली असती तर प्रश्नच उरला नसता. बरीच ओरड झाली आणि 2025 मध्ये फाउंडेशनने जाहीर केलं की 2027 पासून अट 59.5 टक्के. लीच यांचे भरतात 59.6. माप माणसाच्या बेताने कापलं, हे उघड आहे, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांच्याही नावावर 158च विजय, पण पराभव 151 आणि बरोबरी तीन. बंद पडायच्या बेतात असलेलं मायामी त्यांनी हातात घेतलं आणि 1983 चं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. नंतर लुईव्हिल उभं केलं, मग फ्लोरिडा अटलांटिकमध्ये तर संघच शून्यातून काढला. पडक्या घरात राहायला जाणाऱ्याचे पराभव जास्त होणारच. तयार वाड्यात बसणाऱ्याशी त्याची टक्केवारी ताडून काय कळणार? अर्धा टक्का सैल करून हे दार त्यांना उघडत नाही, ते 51 वरच आहेत.

मुलाला सांगा, पुढच्या वेळी वरच्या मजल्यावर क्वार्टरबॅक सोडून जरा प्रशिक्षकांची नावं बघ, आणि प्रत्येकाने कुठल्या कॉलेजात किती वर्षं काढली ते वाच.