सिलिंडर चालतो, डेडलिफ्ट चालत नाही

मावशी, मी देवगडची, वय 26, पतपेढीत नोकरी. दोन वर्षं वेट ट्रेनिंग करते, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, 80 किलोवर गेलीय. माझं वजन 66. दिवाळीनंतर स्थळं बघणार, म्हणून आई म्हणते, जिम बंद कर, असे दंड बघून कोण करून घेणार तुला? मी रात्रीचा भात सोडलाय. गंमत म्हणजे भाऊ घरात असला तरी गॅसचा सिलिंडर माडीवर मीच चढवते. काय करू?

बाय माझे, आधी सिलिंडरचं बोलू. आत 14.2 किलो गॅस, वर लोखंडाचं वजन. भरलेला तीसेक किलोचा असतो. तो चढवताना तुझे दंड कुणाला खुपत नाहीत! आपल्याकडे डोक्यावर माशांची पाटी चालते, विहिरीवरून हंडा-कळशी चालते, बांधकामावर चिरे चालतात. तू स्वतःच्या हौसेने उचललंस, तिथे बिनसलं. आईला दोष देत नाही हां मी. चार लोकांच्या तोंडाची धास्ती तिने जन्मभर घेतलीय.

आता तो 66 चा आकडा. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते 2000 साली, सिडनीत. तिथे कर्णम मल्लेश्वरीने दोन प्रकार मिळून 240 किलो उचलले आणि कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. अंगाच्या वजनाचा गट कुठला? 69 किलोचा! मीराबाई चानूने 2021 मध्ये टोकियोत रौप्य घेतलं ते 49 किलोच्या गटात. तिथे दोघींना जागा. आपल्या बघण्याच्या कार्यक्रमात मात्र सगळ्या पोरींना एकच माप.

पुरुषासारखी दिसशील, हे भय सोड. बायकांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, फार कमी, त्यामुळे अंग घट्ट होतं, पैलवानाचं होत नाही. हाडं मात्र बळकट राहतात. पाळी गेल्यावर त्याची किंमत कळते, माझ्या मणक्याला विचार.

रागावते ती भातावरून. 80 किलो उचलायचं आणि अर्धपोटी निजायचं? चक्कर आली म्हणजे? गपचूप भात खा, बरोबर बांगडा, नाहीतर कुळथाची पिठी.

मुलाकडचे आले की मुद्दाम लांब बाह्या घालू नकोस. आपणहून सांग, मी वजन उचलते, लग्नानंतरही उचलणार. नाही पटलं तर पोहे खाऊन जातील. आईला मात्र एकदा जिममध्ये ने, खुर्चीवर बसव, तुझी उचल बघू दे. आणि पुढचा सिलिंडर आला की भावाला हाक मार.