नाग नदीकाठच्या आमच्या वस्तीत पुराची सूचना देणारा सेन्सर बसवायचा आहे. कोणता घ्यावा?

पैसे असतील तर रडार (रेडिओ लहरींनी पाण्याची पातळी मोजणारा), नसतील तर अल्ट्रासॉनिक (आवाज सोडून तो पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढणारा). पण अडतं ते सेन्सरपाशी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, तेव्हा नागपूर झोपेत होतं. त्या वेळी मोबाइल कोण बघतो? ‘ग्रुपवर टाकू ना’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. भोंगाच पाहिजे.

अल्ट्रासॉनिक घेतलाच, तर तापमानाची भरपाई करणारा घ्या. हवा तापली की आवाज जोरात धावतो, आणि स्वस्त सेन्सर हे धरतच नाहीत. मे महिन्यात ४३ अंशांत जुळवलेला सेन्सर पावसाळी रात्री २३ अंशांत ४ मीटरचं अंतर साधारण १३ सेंटिमीटर जास्त दाखवतो. म्हणजे पाणी आहे त्याहून तितकं खाली दिसतं, चूक नेमकी नको त्या बाजूला! सेन्सर पुराच्या जुन्या खुणेपेक्षा किमान अर्धा मीटर वर लावा, कारण अगदी जवळचं पाणी त्याला मोजता येत नाही. पाणी पुलाखालून ज्या बाजूला बाहेर पडतं त्या अंगाला लावा, पाणी येतं त्या अंगाला वाहून आलेली झाडं आणि गाद्या आदळतात. आपल्या नदीला फेस फार, म्हणून पाच वाचनं घेऊन मधलं धरा.

इशारा नुसत्या उंचीवर ठेवू नका. पंधरा मिनिटांत पाणी किती चढलं, तेही बघा. धोक्याची रेघ सगळ्यात खोलगट घराच्या उंबऱ्यापासून उलटी मोजा: म्हातारी माणसं, लेकरं बाहेर काढायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात पाणी जेवढं चढेल तेवढी खाली.

भोंगा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. वीज त्याच पावसात जाते. थांबून थांबून वाजला तर तयारी, सलग वाजला तर निघा. यंत्रणेची किल्ली दोन घरी ठेवा, एकाच्या घरी नको, तो नेमका लग्नाला गेलेला असतो. आणि यंत्रणेतल्या सिमचा रिचार्ज! तो संपला तर यंत्रणा ऐन जूनमध्ये मुकी.

हे सगळं वस्ती तलावापासून प्रवाहाच्या दिशेने पुरेशी खाली असेल तर. तलावाच्या सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर पडतं ती जागा) लगोलग खाली राहत असाल तर पुलावरचा सेन्सर पाणी दारात आल्यावरच बोलेल. तिथे तलावच मोजावा लागतो, पाणी सांडव्याच्या माथ्यापासून किती खाली आहे ते. त्याला परवानगी लागते, अर्ज उन्हाळ्याआधी टाका.