दसऱ्याची गाडी, दुकानाचा खर्च आणि आयकराची नोटीस

प्रश्न: नाशिकला पंचवटीत माझं ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांकडे सतत जावं लागतं. २०२४च्या दसऱ्याला १४ लाखांची गाडी कर्जावर घेतली, ती माझ्या नावावर आहे. हप्ते, पेट्रोल, १५ टक्के घसारा (वापराने गाडीची घटणारी किंमत), शिवाय मुलीच्या क्लासची फी आणि घरचे मोबाइल, सगळं दुकानाच्या खर्चात धरलं. दरवर्षी ऑडिट होतं. आता छाननीची नोटीस आली असून गाडीच्या वापराचा तपशील मागितलाय. अकाउंटंट म्हणतात, मागच्या तारखांचं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या फेऱ्यांची वही, लिहून देऊ. द्यावं का?

उत्तर: नको. एकाच पेनने एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते. फास्टॅगवर रविवारी मुंबईच्या वाटेवरच्या घोटीचा टोल कापलेला आणि वहीत त्याच तारखेला ‘निफाड, ग्राहक भेट’, असं निघालं की खरा खर्चही संशयात जातो. खोटी नोंद म्हणजे कलम २७०अ खाली चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, आणि वर खटल्याची टांगती तलवार. इतकी जोखीम घेण्यासारखं तुमचं प्रकरण नाहीच.

गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकान आणि मालक कायद्याला एकच. घरी-दारी दोन्हीकडे वापरलेल्या वाहनासाठी आयकर कायद्याचं कलम ३८(२) आहे. धंद्यासाठी जेवढा वापर, तेवढ्या रास्त हिश्शाचा खर्च आणि घसारा मिळतो. (१ एप्रिल २०२६पासून नवा कायदा लागू झाला तरी तुमच्या २०२४-२५च्या उत्पन्नाला १९६१चाच कायदा.)

हिस्सा कसा काढायचा? गाडीच्या सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड काढा, त्यावर त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग असतं. त्यावरून मार्चअखेरपर्यंत गाडी एकूण किती पळाली याचा अंदाज येतो. मग डिलिव्हरी चलनं, शेतकऱ्यांची बिलं, ठिबक बसवायला गेल्याच्या तारखा समोर ठेवून गावागणिक फेऱ्या मोजा. समजा ९,००० पैकी ५,८५० किलोमीटर धंद्याचे निघाले, तर ६५ टक्के मागा. हा तक्ता आज तयार केलाय असं त्यावरच लिहा आणि कागद सोबत जोडा. आज केलेला हिशेब आजचा म्हणून देण्यात काही गैर नाही. तो जुना म्हणून खपवणं गैर.

अकाउंटंटची खरी चूक वेगळीच आहे आणि ती तुमच्या पत्रात सहज येऊन गेली. १२ ऑक्टोबर ते ३१ मार्च म्हणजे १७१ दिवस. वापर १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून पहिल्या वर्षी घसारा निम्म्या दराने, साडेसात टक्के. १४ लाखांवर १,०५,००० रुपये, त्याचे ६५ टक्के ६८,२५०. तुम्ही दाखवलेत २,१०,०००. हप्त्यातली मुद्दलही खर्च नव्हे. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या, त्या व्याजाचा ६५ टक्के हिस्सा धरता येईल. गॅरेजवाल्याला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले असतील, तर तो खर्च कलम ४०अ(३)ने जातो.

क्लासची फी सरळ मागे घ्या. कलम ३७ला खाजगी खर्च चालत नाही, तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. घरच्या मोबाइलपैकी दुकानाचा नंबर तेवढा ठेवा. ऑडिटच्या फॉर्म ३सीडीत वैयक्तिक खर्चाचा रकाना असतो. तिथे ऑडिटरने काय लिहिलंय ते उत्तर देण्याआधी वाचा. दोन कागद एकमेकांच्या विरोधात बोलले तर पंचाईत.

सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली आणि छाननी चालू असताना अपडेटेड रिटर्न (त्यानंतर जादा कर देऊन भरायचं दुरुस्तीचं रिटर्न) भरता येत नाही. म्हणून चुका नोटिशीच्या उत्तरातच, स्वतःहून, आकड्यांसह मान्य करा. कागद जमवायला वेळ हवा असेल तर तारीख उलटायच्या आत पोर्टलवर मुदतवाढ मागा. आदेशात फक्त ‘उत्पन्न कमी दाखवलं’ एवढंच धरलं तर दंड ५० टक्के. तोही टळू शकतो: अपील न करता कर-व्याज मागणीच्या मुदतीत भरा आणि आदेश हाती पडला तो महिना संपल्यापासून एका महिन्यात कलम २७०अअ खाली माफीचा अर्ज करा. २०० टक्केवाल्या आदेशाला ही सवलत याच अटींवर मिळत नाही. अकाउंटंटना एवढं सांगा, वही कोरीच राहू दे.