पाचवीतला मुलगा इंग्रजी सर्वनामांचा गोंधळ करतो, तक्ता पाठ असूनही 'रवी अँड हर सिस्टर' असं लिहून चुकतो. काय करावं?

तक्ता पाठ आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो पुन्हा लिहून घेऊ नका. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तुम्ही दिलेलं 'रवी अँड हर सिस्टर' हे वाक्य माझ्यासमोरच्या वह्यांतही नेहमी येतं. मूल इथे मराठीचा नियम इमानेइतबारे इंग्रजीत पाळतंय.

मराठीत आपण त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर असं म्हणतो. शेवटचं चा-ची-चं पुढच्या नामाप्रमाणे बदलतं आणि मुलाचा कान तिकडेच लागलेला असतो. बहीण आली की त्याला बाईमाणसाचं सर्वनाम हवंसं वाटतं, म्हणून 'हर'. इंग्रजीत मात्र पुढे कोण आहे याने काही बदलत नाही, मालक कोण तेवढंच बघायचं. रवी मुलगा आहे, मग भाऊ, बहीण, सायकल, सगळ्यांच्या आधी 'हिज'च. यासाठी घरातले फोटो काढून बसा. 'बहीण कोणाची?' असं विचारा, त्याला आधी मालकावर बोट ठेवू द्या आणि मगच इंग्रजी वाक्य बोलू द्या. बोट ठेवण्याची ही पायरी गाळू नका, सगळी मदत तिचीच होते.

दुसरी अडचण कानाची आहे. आपण मुलीकडे बोट दाखवून 'ही' म्हणतो आणि इंग्रजीत नेमका मुलगा 'ही' असतो. तसंच 'मी'चं. 'मी गो टू स्कूल' लिहिणाऱ्या मुलाला ते बरोबरच वाटत असतं, कारण मराठीत तो स्वतःला मीच म्हणतो. हे त्याला मराठीतूनच स्पष्ट सांगा. क्रियापदाच्या आधी, म्हणजे कर्त्याच्या जागी 'आय' आणि 'गिव्ह मी', 'विथ मी' अशा ठिकाणी 'मी', एवढं सुरुवातीला पुरतं.

'माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फार्म.' हेही येईल, आलं तर रागावू नका. वडिलांना अरेतुरे करायला मूल धजत नाही, म्हणून ते आदराने 'दे' लिहितं. इंग्रजीत एका माणसाला, तो कितीही मोठा असला तरी, 'ही' किंवा 'शी'च लागतं, इंग्लंडच्या राणीलाही 'शी'च म्हणत, हे सांगितलं की मुलांचा जीव भांड्यात पडतो.

वस्तूंचं सोपं आहे. खुर्ची ती, पंखा तो, पुस्तक ते, पण इंग्रजीत तिन्ही 'इट'. दोन-चार दिवस घरातल्या वस्तूंवर बोलून घेतलंत की बसतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पाचवीपर्यंत हे सगळे शब्द मुलाच्या कानावरून अनेकदा गेलेले असतात. कमी पडतो तो वापर. त्यासाठी मला सर्वात उपयोगी वाटलेला सराव असा: रवीबद्दल पाच-सहा वाक्यांचा इंग्रजी उतारा घ्या आणि रवीच्या जागी सुनीता घालून त्याला तो पुन्हा लिहायला सांगा. 'ही'चं 'शी' तो पटकन करेल. 'हिम' आणि 'हिज' आले की अडखळेल, कारण मुलासाठी तिथे दोन वेगळे शब्द आहेत आणि मुलीसाठी दोन्ही ठिकाणी 'हर'च. ही अडचण इंग्रजीची स्वतःची आहे, तिथे त्याला वेळ द्या. मग उलटं करा, सुनीताचा उतारा रवीचा करायला द्या. हे जास्त अवघड जातं, कारण प्रत्येक 'हर'पाशी थांबून 'तिला' की 'तिची' हे ठरवावं लागतं.

तो बोलत असताना मध्येच टोकू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या आणि मग 'कोणाची बहीण?' एवढंच विचारा, बहुतेकदा तो स्वतःच दुरुस्त करतो. 'माइन', 'यूअर्स', 'हर्स' ही मंडळी इतक्यात काढू नका, 'हिज' आणि 'हर' पक्के झाल्यावर घ्या.