कात्रजपासून तोरण्यापर्यंत पायी जाता येईल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगा अमेरिकेत असतो, तिथल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलचे फोटो पाठवतो, झाडांवर पांढरे पट्टे मारलेत, ते बघत चालत राहायचं. पुण्याजवळ असं सलग चालण्यासारखं काही आहे का? सायकल चालेल का? मी ५८ वर्षांचा आहे, रोज टेकडी चढतो. डिसेंबरमध्ये तो येतोय. – एक वाचक, धायरी

उत्तर: आहे ना काका! जुन्या कात्रज बोगद्यापाशी उतरायचं आणि डोंगरधारेनं थेट सिंहगड, पोरं के-टू-एस (कात्रज टू सिंहगड) म्हणतात तो हाच, अंतर साधारण १३-१५ किलोमीटर पण एक टेकडी उतरली की पुढची उभीच, आणि उतारावर मुरमाचा घसारा, पाय ठेवला की खडी सुटते, तिथं तिरकं उतरा, वाळक्या गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. वाटेत पाणी नाही, माणशी ४ लिटर घ्याच.

पुढे सिंहगडाच्या कल्याण दरवाजातनं खाली, विंझर, गुंजवणे, राजगड, मग संजीवनी माचीच्या अळू दरवाजातनं बाहेर पडून धारेनं तोरण्याची बुधला माची आणि वेल्ह्यात उतार. तीन तुकड्यांत करा, एका दमात नको.

सायकल नको, ही पायवाट आहे. तिकडे अ‍ॅपलेशियन ट्रेलवरही बहुतेक ठिकाणी सायकलला बंदीच आहे.

पट्ट्यांचं म्हणाल तर बेंटन मॅकाय या अमेरिकन वनतज्ज्ञानं १९२१ मध्ये त्या ट्रेलची कल्पना मांडली, १९३७ मध्ये सलग वाट पूर्ण झाली, जवळपास ३,५०० किलोमीटर, आणि आजही स्थानिक क्लबचे स्वयंसेवक झाडोरा काढतात, पट्टे रंगवतात. आपल्याकडे हे बघणारं कुणी नाही म्हणून जो तो रंगाचा डबा घेऊन जातो, मागे एका ग्रुपनं गडाच्या बुरुजावरच ऑइलपेंटचे बाण काढलेले, आम्ही दोन तास घासलं तरी दगडात मुरलेला लाल रंग गेला नाही, फार वाईट वाटलं. राजगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे! बाण नकोतच. वाटेचा जीपीएस ट्रॅक मोबाईलवर आधीच डाऊनलोड करा, आणि ढोरवाटा फुटतात तिथं अंदाजानं न जाता गुराखीदादांना विचारा, ते लांबून हात करून बरोबर डोंगराची सोंड दाखवतात.

नोव्हेंबरमध्ये के-टू-एस करून बघा, सगळे पौर्णिमेच्या रात्री जातात पण पहिल्यांदा उजेडीच. राजगड-तोरणा मुलासाठी ठेवा, गुंजवण्यात घरगुती पिठलं-भाकरी मिळते, आदल्या दिवशी फोन करून सांगा म्हणजे झालं.